फुटपाथ न सोडणारे काका

नागपुरात पायी चालणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. गाडी पंक्चर झाली का, आणि डॉक्टरांनी सांगितलं का. तिसरं एखादं कारण असू शकतं यावर आमच्या शहराचा विश्वास नाही. समोरच्या टपरीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घ्यायला जायचं तरी आम्ही गाडी काढतो, आणि मग टपरीसमोर गाडी लावायला जागा नाही म्हणून सरकारच्या नावानं बोटं मोडतो. अशा गावात ते काका सगळा जन्म पायी हिंडले. लोकांनी त्यांना वेडं ठरवलं नाही, एवढं मोठं मन आमचं आहे. फक्त दर चौकात कुणीतरी गाडी थांबवून, "बसता का काका?" असं विचारायचं आणि ते "नाही" म्हणाले की त्यांच्या तब्येतीची काळजी करत पुढे जायचं.

माझी त्यांची ओळख माझ्या मोपेडमुळे झाली. आर्किटेक्चरची पदवी घेऊन मी रामदासपेठेतल्या एका खासगी ऑफिसात लागले होते. रस्ते, चौक, बाजारपेठा यांचे आराखडे करून देणं हा ऑफिसचा धंदा. पहिल्याच दिवशी उशीर नको म्हणून मी मोपेड सरळ फुटपाथवर चढवली, मधोमध स्टँडवर लावली आणि शहराचं भविष्य घडवायला वर गेले. दुपारी डबा खाऊन खाली उतरले तर मोपेडसमोर एक गृहस्थ काळी छत्री उघडून उभे. एप्रिलचं ऊन. डोक्याला ओला दुपट्टा, पायात कॅनव्हासचे बूट, खिशातून डोकावणारी स्टीलची टेप. चेहरा एकदम शांत.

"काका, काही पाहिजे का?" मी विचारलं.

"नाही."

"मग इथं काय करून राहिले?"

"चालून राहिलो."

"पण तुम्ही तर उभे आहात."

"तेच त सांगून राहिलो वं पोरी. चालून राहिलो होतो, मधात तुही गाडी आली. तू काढ आरामात. मले घाई नाही."

मी म्हटलं, बाजूनं जायचं ना. त्यांनी बाजूच्या रस्त्याकडे पाहिलं. तिथून तेव्हा एक सिटी बस आणि तीन ऑटो एकाच वेळी एकाच जागेतून जायचा प्रयत्न करत होते.

"तो गाड्याइचा रस्ता आहे. मी त्याइच्यात जात नाही. त्याइनं माह्यात येऊ नये, एवढंच म्हनतो."

पाऊण तास झाला म्हणे ते तिथं उभे होते. खालच्या वॉचमननं सांगितलं, आणि तेही कौतुकानं. मी मोपेड काढली. काकांनी छत्री मिटली, "धन्यवाद" म्हणाले आणि माझ्यासमोरच जिना चढून आमच्याच ऑफिसात शिरले. ते आमचे सर्व्हेअर होते. माझ्या शेजारचं टेबल त्यांचं होतं.

हा त्यांचा नियम होता. फुटपाथवरून खाली उतरायचं नाही. आडवी गाडी आली तर थांबायचं. आरडाओरडा नाही, गाडीला हात लावणं नाही, फोटो काढून कुठं टाकणं तर नाहीच, कारण त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. नुसतं उभं राहायचं. आमच्या शहराला भांडणारा माणूस नवा नाही. त्याचं काय करायचं ते सगळ्यांना माहीत असतं. पण न भांडता उभ्या असलेल्या माणसाचं काय करावं हे कुणालाच कळत नसे. दोन माणसं "काय झालं?" विचारायला थांबत, मग चार, आणि शेवटी तेच लोक गाडीवाल्याला शोधून आणत. एकदा लग्नाच्या वरातीची फुलांनी सजवलेली मोटार अशी हलली. नवरदेवानं स्वतः माफी मागितली, काकांनी त्याला आशीर्वाद दिला आणि वाट मोकळी झाल्यावर पुढे निघाले.

ऑफिसात उशिरा येणाऱ्यांनी रजिस्टरमध्ये कारण लिहायचं असा नियम होता. बाकीचे "ट्रॅफिक" लिहीत. काका लिहीत, "पांढरी मोटार, फुटपाथवर." दुसऱ्या दिवशी, "दोन बुलेट आणि एक उसाचा गाडा. गाडेवाला भला माणूस, लगेच सरकला."

त्यांचं काम पायी चालणारी माणसं मोजायचं. गाड्या मोजायला आता कॅमेरे आले होते. पायी चालणाऱ्यांसाठी कॅमेरा लावावा इतकी त्यांची पत नसल्यामुळे काकांना पाठवत. चौकातल्या कडुनिंबाखाली स्टुलावर बसून ते हातातलं मोजणीचं यंत्र टकटक दाबत. सरकारी भाषेतला 'पादचारी' हा शब्द त्यांना चालत नसे. ते 'पायवाले' म्हणत. पायवाल्यांची वर्गवारी त्यांनी स्वतः केली होती. छत्रीवाले, पिशवीवाले, पेशंट, पेशंटले धरून चालनारे. आणि या प्रत्येकाला फुटपाथ सोडून किती वेळा रस्त्यावर उतरावं लागलं त्याचा वेगळा रकाना. तो रकाना कुणी मागितला नव्हता. अहवालात तो कधी छापलाही गेला नाही.

"काका, हे कशाला लिहिता?" मी एकदा विचारलं.

"अवं, मानूस घरून निंगतो तवा त्याले वाटते आपन चालत जाऊन राहिलो. खरं त तो चढून-उतरून राहिला असते. हे कोनाले तरी माहीत पाहिजेन का नाही?"

त्यांच्या घरी मात्र वेगळाच कारभार. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, आणि गुलाबी मोपेड अशी चालवायच्या की रिक्षावाले वाट द्यायचे. रोज सकाळी घरून काका आधी निघत, काकू नंतर. मधल्या एका चौकात त्या त्यांना गाठत, दोनदा हॉर्न देत आणि ओरडत, "अवो, बसता का?"

"नाही."

"मंग वाळा उन्हात!" आणि भुर्रकन जात. काका त्या दिशेनं बराच वेळ हसत पाहत राहायचे. हे मी दोन-तीनदा डोळ्यांनी पाहिलंय.

मग आमच्या ऑफिसला ते मोठं काम मिळालं. शहराच्या मध्यावरचा एक रस्ता. नाव सांगत नाही, नागपूरकर ओळखतील आणि बाकीच्यांना फरक पडणार नाही. एका टोकाला बस थांबा, मधे साड्यांची आणि भांड्यांची दुकानं, दुसऱ्या टोकाला दवाखानेच दवाखाने. सगळ्या विदर्भातून पेशंट येतात. बसमधून उतरतात आणि हातात एक्स-रेचं मोठं पाकीट धरून, मोटारींच्या मधून वाट काढत दवाखान्यापर्यंत पोचतात. जे पोचतात ते बरे होतात. महापालिकेच्या एका समितीला हा रस्ता आता 'चालण्यायोग्य' करायचा होता. चालणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून त्यात सगळ्यात मोठी इमारत कसली होती, तर सहा मजली पार्किंगची.

आमचे सर, म्हणजे ऑफिसचे मालक, म्हणाले, "देख, समितीला चित्र पाहिजे. रंगीत. एकदम फॉरेन वाटलं पाहिजे." मी कॉम्प्युटरवर चित्र केलं. निळं आकाश, रुंद फुटपाथ, हातात हात घालून फिरणारी जोडपी, कुत्रा घेऊन निघालेली एक गोरी बाई. घाम कुणालाही आलेला नव्हता. काकांनी चष्मा पुसून ते चित्र बराच वेळ पाहिलं.

"ही बाई कोन आहे?"

"कुणी नाही काका. अशी माणसं तयार मिळतात, चिकटवायची फक्त."

"बिना दुपट्ट्याची निंगाली वं मे महिन्यात. सांजेपर्यंत भरती होईन." मग चित्राच्या कडेला पाहून म्हणाले, "बरं आहे, दवाखाना समोरच आहे."

चित्र समितीला आवडलं. आवडलं नाही ते व्यापारी संघाच्या अध्यक्षांना. त्यांचं रस्त्यावर साड्यांचं मोठं दुकान. ते ऑफिसात आले, सरांबरोबर आत बसले, आणि तासाभरानं सरांनी मला बोलावलं.

"छोटासा बदल आहे. दुकानांसमोर गाड्यांची एक रांग बसवायची. फुटपाथ तीन मीटरचा दीड कर. एक लाइन हलवायची आहे, बस."

मी लाइन हलवली. मला त्यात फार काही वाटलं नाही, हे इथं कबूल करते. माऊसनं रेघ सरकवली की आवाज होत नाही आणि कुणाला लागत नाही. म्हणूनच आमच्या धंद्यातली माणसं रात्री शांत झोपतात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरले तर दारापासून सरांच्या केबिनपर्यंत फरशीवर खडूनं दोन पांढऱ्या रेघा मारलेल्या. मधे बरोबर दीड मीटर. त्या दीड मीटरात कचऱ्याची टोपली, एकावर एक रचलेल्या दोन खुर्च्या, पाण्याचा कॅम्पर आणि एक स्टूल. काका बाजूला टेप गुंडाळत उभे.

"हे काय काका?"

"तुहा फुटपाथ. टोपली म्हनजे झाड. ह्या खुर्च्या म्हनजे विजेची डीपी. कॅम्पर म्हनजे दुकानाची पायरी, स्टूल म्हनजे बोर्ड. तू काढाले विसरली होती, मी मांडून देल्लं."

ती झाडं, ती डीपी, त्या पायऱ्या रस्त्यावर खरोखरच होत्या. माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हत्या, कारण त्यांनी चित्र बिघडतं. त्या दिवशी जो कुणी येई त्याला काका त्या रेघांमधूनच जायला लावत. आमची रिसेप्शनिस्ट स्टुलाला अडखळली. अकाउंटंट डीपीत अडकले. मग एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात चहाचा कप घेऊन सर आले. टोपलीपाशी ते तिरके झाले, खुर्च्यांपाशी कप हिंदकळला, चहा शर्टावर सांडला, आणि चिडून त्यांनी एक पाय रेघेबाहेर टाकला.

"मेले तुमी, सर," काका शांतपणे म्हणाले. "तिकून बस येऊन राहिली होती."

कुणीही हसलं नाही. म्हणजे सर केबिनचं दार लावेपर्यंत तरी. अर्ध्या तासात फरशी ओल्या फडक्यानं पुसून घेतली गेली. आराखड्यातली रेघ होती तिथंच राहिली.

त्यानंतर काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. दवाखाना त्याच रस्त्यावरचा. घरी सोडल्यावर व्यायामासाठी एक दिवसाआड तिथं यायचं होतं. मला हे ऐकून माहीत होतं, पण ऐकून माहीत असलेल्या गोष्टींचा माणसावर किती परिणाम होतो ते सांगायला नको.

एका सकाळी मी मोपेडवरून त्या रस्त्यानं चालले होते. पुढं सगळं अडकलेलं. एक म्हातारी बाई वॉकर घेऊन रस्त्याच्या मधून चालली होती, आणि तिच्या बाजूला एक माणूस मागच्या गाड्यांना हात दाखवत होता. मी हॉर्न दिला. हलत नाहीत म्हणून पुन्हा दिला, लांब. बाई थांबली. वॉकर धरूनच हळूहळू मान वळवली.

"थांब वं जराशी," काकू म्हणाल्या. "हे काही मोपेड नाही, दाबली का पळाली."

बाजूचा माणूस म्हणजे काका. छत्री नव्हती, दोन्ही हात कामात होते. फुटपाथ तिथं गुडघाभर उंच, त्यावर वॉकर चढणं शक्य नव्हतं, आणि चढला असता तरी वर मोटारी उभ्या होत्या. जन्मभर खाली न उतरलेला माणूस खाली उतरून गाड्यांच्या मधून चालला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ओळखलं नाही म्हणून की ओळखलं म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

मी मोपेड बंद केली आणि ते दवाखान्याच्या दाराशी पोचेपर्यंत त्यांच्या मागे ढकलत नेली. माझ्या मागचे सगळे मला हॉर्न देत होते. ऑफिसात जाऊन मी पहिलं काम केलं ते रेघ पुन्हा तीन मीटरवर नेण्याचं. झाड, डीपी, पायऱ्या, सगळं जिथं होतं तिथं रेखाटलं. फुटपाथ सपाट दाखवला. सरांना सांगितलं नाही. ते ड्रॉइंग उघडून पाहत नसत, फक्त त्यावर सही करत. म्हणून मी छापून घेतलं आणि गुंडाळी करून ठेवली.

जागेवर जाऊन पाहणी करायचा दिवस ठरला होता. समितीच्या प्रमुख एक अधिकारी मॅडम होत्या, कमी बोलणाऱ्या. सकाळी अकराची वेळ. मॅडम पावणेबाराला आल्या, कारण त्यांच्या ड्रायव्हरला गाडी लावायला जागा सापडेना. सर बाराला आले, त्याच कारणानं. शेवटी दोघांनी गाड्या लांब सोडल्या आणि घाम पुसत पायी आले. बस थांब्यापाशी व्यापारी संघाचे अध्यक्ष आधीच आले होते. तिथंच काका उभे होते, शेजारी वॉकर धरून काकू.

"ह्या माह्या मिसेस," काका म्हणाले. "ह्या पुढं चालतीन. आपन मागं."

"अहो, त्यांना कशाला त्रास देता?" अध्यक्ष म्हणाले.

"त्रास मले रोजचाच आहे," काकू म्हणाल्या. "आज तुमाले सोबत घेतलं."

बस थांब्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत दोनेकशे पावलं असतील. काकूंच्या मागून समिती चालली, काकूंच्याच चालीनं. पुढे जाता येत नव्हतं, कारण वाटच तेवढी होती. मागे फिरता येत नव्हतं, कारण गाड्या लांब होत्या. पहिल्या चढावर काकांनी वॉकर उचलून वर ठेवला, मग काकूंना दंडाला धरून वर घेतलं. वीस पावलांवर पुन्हा उतार. मग डीपी. मग एका दुकानासमोर फुटपाथभर पसरलेली मोठी पांढरी मोटार. काकू थांबल्या. काका थांबले. सगळे थांबले.

"कोणाची गाडी आहे?" मॅडमनी विचारलं.

अध्यक्षांनी घसा साफ केला. दुकान त्यांचं, मोटार त्यांची. काकांनी खिशातून वही काढली.

"साहेब, तुमी म्हनता गाड्या गेल्या त गिऱ्हाईक जाईन. मी महिनाभर पाहून राहिलो. हे गिऱ्हाईक दुकान उघडते तवा येते, बंद होते तवा जाते. दिवसभर दाराशी बसून आहे आन् एक रुमाल नाही घेतला."

किल्ली दुकानातल्या कुणाकडे तरी होती आणि तो कुठंतरी गेला होता. काकू उन्हात वॉकरवर वजन टाकून उभ्या. भार एकदा या पायावर, एकदा त्या पायावर घेत होत्या, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. बसायला काही नव्हतं. मॅडमनी आपली पर्स खांद्यावर अडकवली, पुढे होऊन काकूंना कोपराशी धरलं आणि मोटार हलेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. चांगली दहा मिनिटं. अध्यक्ष आपल्याच दुकानाची पाटी वाचत होते.

किल्ली आली तसं मॅडम म्हणाल्या, "गाडी राहू द्या एक मिनिट. ड्रॉइंग दाखवा."

सरांनी आत्मविश्वासानं गुंडाळी अध्यक्षांच्या मोटारीच्या बॉनेटवर उलगडली. मग त्यांनी ड्रॉइंग पाहिलं. मग मला पाहिलं.

"तीन मीटर, सपाट," मॅडमनी वाचलं. "बरोबर आहे. हेच करा." आणि तिथंच, बॉनेटवर, सही केली. काकू म्हणाल्या, "झालं असन त चला वं बाई, माही व्यायामाची वेळ निंगून गेली."

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात आनंद थोडकाच आहे. सरांनी काकांना शाल आणि नारळ देऊन अत्यंत सन्मानानं घरी बसवलं. भाषणात ते म्हणाले, काकांसारखी माणसं आता होत नाहीत, आणि त्यांना हायसं वाटल्याचं आवाजातून लपत नव्हतं. मला कामावर ठेवलं, पण पुन्हा कुठल्या रस्त्याला हात लावू दिला नाही. ते सहा मजली पार्किंग माझ्याकडे आलं. ते उभं आहे. खालचा मजला भरतो, वरचे रिकामे, कारण तिथं गाडी लावली तर दुकानापर्यंत चालत जावं लागतं. वरच्या मजल्यांवर कबुतरं राहतात. फुटपाथ झाला तोही एकाच बाजूला, बस थांब्यापासून दवाखान्यांपर्यंत. त्याच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या त्याच्यावरच उभ्या होत्या, हे तुम्ही ओळखलंच असेल. दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या आणि पुन्हा आल्या नाहीत, कारण मॅडमनी कडेला दगडी खुंट रोवून घेतले होते. दवाखान्यांच्या पुढे तो फुटपाथ एकाएकी संपतो.

काका-काकू आता उमरेडकडच्या गावी राहतात. काकूंचे गुडघे छान झाले, त्या मोपेडवर परत बसल्या. काकांना मी फोन केला होता. म्हटलं, करमतं का तिथं? म्हणाले, "लय बेस. इथं फुटपाथच नाही, त टेन्शन नाही."

मागच्या महिन्यात माझ्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याच रस्त्यावर. बाबा जन्माचे स्कूटरवाले. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यालाही बेताचंच दिसतं. रिक्षा आत येईना म्हणून मी त्यांचा हात धरून बस थांब्याकडे निघाले. ते सुरुवातीला पाय चाचपत टाकत होते. मग जरा मोकळे झाले. मधे एकदा थांबले, एका डोळ्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा नाराज झाला.

"काय लोक आहेत," ते म्हणाले. "एवढी जागा वाया घालवली. दहा मोटारी आरामात लागल्या असत्या इथं."

"हो ना," मी म्हटलं.

"कोणी काढलं असन हे ड्रॉइंग, कोणास ठाऊक," बाबा म्हणाले. माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला, आणि बडबडत एकटेच पुढे चालू लागले.